आधी कुठे चाललंय का?

१६ जून २०२५, सोमवार

नवी मालिका मिळाली. संवाद माझ्याकडे. पटकथा दुसरे एक सर करतील. कथा दक्षिणेतल्या एका मालिकेची. तिकडे तीन वर्षं चालली, मग आणखी दोन भाषांत गेली. आता मराठीत.

ड्राइव्हची लिंक आली. पहिले शंभर भाग, सबटायटल्ससकट. सोबत फाइल. कोण कोणाचं कोण, कुठल्या भागात काय उघड होतं, लीप कधी घ्यायचा.

होकार कळवला. घरभाडं आहे, आईची औषधं आहेत. आधीची मालिका मार्चमध्येच बंद झाली.

१८ जून

मूळ भाग बघतेय. मुलगी फुलं विकते. श्रीमंत घर. कराराचं लग्न. सावत्र सासू. देवळात धडक, तबकातलं कुंकू उडतं, नायकाच्या शर्टावर सांडतं.

पण तिकडचा लिहिणारा कच्चा नाही. पहाटेचा फुलबाजार त्यानं स्वतः पाहिलेला आहे. ओली गोणपाटं. तोलताना काट्याला लागलेला व्यापाऱ्याचा अंगठा. दहा वाजले की मातीमोल होणारा माल. त्या बाजारात वाढलेली मुलगी सासूपुढे का दबत नाही, ते न सांगता कळतं.

आमच्या फाइलमध्ये बाजाराच्या सगळ्या सीनसमोर एकच शेरा. 'आउटडोअर. टाळावे.' देवळाच्या सेटबाहेर टेबल आणि टोपली ठेवायची.

मग ही मुलगी कुठून आली?

२० जून, शुक्रवार

आमिर खानचा 'सितारे जमीन पर' आज लागला. २०१८च्या स्पॅनिश चित्रपटावरून. 'लालसिंग चढ्ढा' 'फॉरेस्ट गंप'वरून होता. 'लगान' मात्र कशावरून नव्हता. आशुतोष गोवारीकरांनी ती गोष्ट पहिल्यांदा ऐकवली तेव्हा आमिर खाननं नकारच दिला होता. नंतर त्यानंच निर्मिती केली. नकार पचवून पुन्हा जाता आलं, म्हणून 'लगान' झाला.

२३ जून

चॅनेलच्या ऑफिसात ब्रीफ. मूळ प्रोमो मोठ्या पडद्यावर लावला. आपला असाच हवा, फ्रेम टू फ्रेम. फक्त साडी बदला.

सगळे उठल्यावर क्रिएटिव्ह मुलीला थांबवलं. माझी गोष्ट सांगितली. बरेच दिवस मनात आहे. बीड जिल्ह्यातलं गाव. दिवाळी झाली की आई-बाप ऊस तोडायला कारखान्यावर जातात. मुकादमाची उचल फिटायची असते. मागे आजी आणि तीन नातवंडं. उन्हाळा लागेपर्यंत. आजीचा अंगठा रेशनच्या मशीनवर उठत नाही. मोठी नात दहावीला, तिच्यावर गावाचा डोळा, लवकर लग्न लावा म्हणून. आई-बाप पडद्यावर जवळजवळ नाहीतच. रात्री गाडी भरून झाली की कोपीतून फोन येतो, तेवढेच. एक हंगाम म्हणजे एक पर्व.

तिनं पेन खाली ठेवून ऐकलं. विचारलं, आजीचं वय किती, नात शाळा सोडते का. मग थोडं थांबून म्हणाली, "ताई, हे आधी कुठे चाललंय का?"

म्हटलं, नाही. कुठेच नाही.

"मग वर काय दाखवू? आकडा लागतो हो."

तिचा राग आला नाही. दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी एकांकिका स्पर्धांतून नव्या संहितांसाठी भांडायची.

२४ जून

झोप लागली नाही. पहिल्यांदाच सांगितलेली गोष्ट आधी कुठे चाललेली असणार?

६ जुलै, आषाढी एकादशी

आईचा उपास. सकाळपासून टीव्हीवर पंढरपूर. दुपारी साबुदाण्याची खिचडी खाताना विषय निघाला. तिला 'चिमणराव' आठवतात. आमच्याकडे टीव्ही नव्हता, ती मुंबईला मामाकडे आली होती तेव्हा चाळीतल्या एका घरात बघितलेले. प्रभावळकर म्हणजे तिच्यासाठी अजून चिमणरावच.

मला 'टिपरे'. आबा, शेखर, शामल, शिऱ्या, शलाका. आठवड्यातून एक भाग. पाच माणसं, एक घर. कुणाचा खून नाही, विषाचा पेला नाही, दुसरी बायको नाही. प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या सदरातून निघालेली मालिका. रोजच्या साध्या नोंदी. हे आज कुणी चॅनेलला ऐकवलं तर?

आई म्हणाली, "तू लिही की तसलं." मी भांडी घासायला उठले.

१० जुलै, गुरुवार

बार्कचे टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात. दुपारपर्यंत चॅनेलमधलं कुणी फोन उचलत नाही.

आमचं शूटिंग आजपासून. घोडबंदर रोडवरचा बंगला. दिवाणखाना, जिना, देवघर, स्वयंपाकघर, दोन बेडरूम. पुढची दोन-तीन वर्षं सगळं यातच घडायचं.

पटकथेच्या सरांशी जेवताना बोलले. ते शांत माणूस आहेत. म्हणाले, हिशेब साधा आहे. एकाच नेटवर्कची बंगाली, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, मराठी चॅनेल्स. गोष्ट आधीच घरची. नवी विकत घ्यायला नको, कुठल्या भागाला लोक बसतात तेही माहीत. लीना गंगोपाध्याय यांनी २०१९ मध्ये 'श्रीमोयी' लिहिली. त्याच वर्षअखेरीस मराठीत 'आई कुठे काय करते' आली. पुढच्या वर्षी हिंदीत 'अनुपमा'. शिवाय तेलुगू, तमिळ, मल्याळम, कन्नड. एकच आई सात भाषांत राबली. 'रंग माझा वेगळा' मल्याळममधून, 'सहकुटुंब सहपरिवार' तमिळमधून, 'सुख म्हणजे नक्की काय असतं' बंगालीतून, 'फुलाला सुगंध मातीचा' हिंदीतून. संध्याकाळचे स्लॉट असे भरत गेले.

मी म्हटलं, सर, गंगोपाध्यायबाईंसमोर एक दिवस कोरा कागद होता. तेव्हा आकडा नव्हता.

सर म्हणाले, हो. आपल्यासमोरही असायचा.

खरं आहे. 'होणार सून मी ह्या घरची' आधी मराठीत झाली, मग हिंदीत 'सतरंगी ससुराल' झाली. 'तुला पाहते रे'वरून कन्नड, तेलुगूत मालिका निघाल्या. आपण देत होतो. याला फार वर्षं झालेली नाहीत.

११ जुलै

सहा सीन लिहिले. चार तिकडचे जसेच्या तसे.

१५ जुलै

काल सेटवर एक तरुण साहाय्यक तावातावानं म्हणाला, उचलेगिरी ही मराठीची जुनीच सवय. रात्रभर मनात तेच.

नाही. ते आणि हे एक नाही.

देवलांचा 'झुंझारराव' ऑथेल्लोवरून. 'संशयकल्लोळ' मोलिएरपासून निघून इंग्रजीवाटे आलं. पण फाल्गुनराव परका वाटतो का कुणाला? त्याचा संशय पुण्यातल्या वाड्यात वाढलेला वाटतो. 'ती फुलराणी' शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून. पु.लं.नी लंडनची फुलवाली उचलून नुसती मुंबईत ठेवली नाही. मंजुळेला इथला रस्ता दिला, इथली भूक दिली, इथल्या शिकलेल्या माणसांची तुच्छता तिच्यासमोर उभी केली. तिचा चढलेला आवाज भक्ती बर्वेंच्या गळ्यातून आला तेव्हा शॉ आठवायचं कारणच उरलं नाही.

'अशी ही बनवाबनवी' १९८८ची. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'वरून. वसंत सबनीसांचे संवाद. लोकांना अख्खा चित्रपट पाठ आहे. का? जागा मिळत नाही, भाडं परवडत नाही, चार पोरं एकमेकांना धरून राहतात. शहरात खोली शोधलेल्या प्रत्येक मराठी पोराची ती गोष्ट झाली. पुढे तेलुगूत गेली, कन्नडमध्ये गेली, पंजाबीत गेली. तिथंही कुणीतरी आपापली खोली शोधली असणार.

'झपाटलेला'तला बाहुलाही अमेरिकन चित्रपटावरून. पण महेश कोठारेंनी त्याला तात्या विंचू केलं, रामदास पाध्यांनी घडवला, प्रभावळकरांनी आवाज दिला. मग तो आपल्या गावात, आपल्या माणसांच्या मागे लागला.

सबनीसांना कुणी सांगितलं नव्हतं की मूळ चित्रपटातला सीन क्रमांक बारा तुमच्याही बाराव्या जागी हवा. दुखणं घेण्याचं नाही. घेतल्यावर हात लावायचा नाही, या अटीचं आहे.

१६ जुलै

त्या साहाय्यकाला हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "मॅडम, मग तुम्ही का नाही हात लावत?"

२४ जुलै, गुरुवार

शेजारच्या काकू आल्या होत्या वाटी परत द्यायला. आमचा प्रोमो लागला. बघितला. म्हणाल्या, "ही मी बघितलीय. मोबाइलवर आहे हिंदीत. लीपनंतर ती वकील होते."

अडीचशेवा भाग. अजून एकही प्रक्षेपित झालेला नाही आणि काकूंना अडीचशेवा माहीत आहे.

"तरी बघाल का?" विचारलं.

"बघीन की. संध्याकाळी काय करायचं मग?"

२५ जुलै

काकूंचं वाक्य डोक्यातून जात नाही. चॅनेल म्हणतं, लोकांना हेच हवं. काकूंनी 'हवं' म्हटलं नाही. 'काय करायचं मग' म्हटलं.

२९ जुलै, नागपंचमी

'क्यूंकी सास भी कभी बहू थी' आजपासून पुन्हा. रात्री साडेदहा. तीच वेळ, तीच तुळशी. पहिला भाग ३ जुलै २०००ला लागला होता. त्याच रात्री 'कौन बनेगा करोडपती'चाही पहिला. तो तर ब्रिटिश कार्यक्रमावरून आलेला. पुढच्या महिन्यात त्याचाही नवा हंगाम. पंचवीस वर्षांपूर्वीची रात्र जशीच्या तशी परत.

आईनं हौसेनं लावलं. गाणं सुरू झालं तेव्हा हसली. तिच्या आनंदाला मी काही म्हणणार नाही. पंचवीस वर्षांत तिला दुसरं आवडावं असं किती दिलं आपण?

१ ऑगस्ट, शुक्रवार

राष्ट्रीय पुरस्कार जाहीर. मराठीत 'श्यामची आई'. सुजय डहाकेंचा. अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं होतं. साने गुरुजींच्या पुस्तकाकडे पुन्हा वळावंसं वाटणं मला समजतं. पुस्तकातून घेणं वेगळं. तिथं पानावरचं माणूस नव्यानं बघावं लागतं.

'धडक २' पण आजच. पहिली 'धडक' 'सैराट'वरून, ही 'परियेरुम पेरुमल'वरून. तिरुनेलवेलीचं लॉ कॉलेज, मारी सेल्वराज. निदान या वेळी जात बोलली तरी जाते म्हणतात.

'सैराट' मी सोलापुरात पाहिला. माझ्या पुढच्या रांगेत पोरं नाचत होती. शेवटी लेकराची रक्ताळलेली पावलं आली आणि थिएटरात आवाज नाही. नागराज मंजुळे जेऊरचे. करमाळ्याच्या त्या विहिरी, ते कमळांचं पाणी, ती केळीची बाग त्यांना कुणी रेकीला दाखवली नव्हती. आर्ची ट्रॅक्टर चालवते. बागायतदार पाटलाची मुलगी ती, घरचा ट्रॅक्टर आहे.

मग तो कन्नडमध्ये झाला, पंजाबीत झाला, ओडियात झाला, बंगालीत झाला. हिंदीत उदयपूरला गेला. महाल आले, तलाव आले. जात पातळ होत होत नुसतं श्रीमंत-गरीब उरलं. शेवटही बदलला, मुलगी वाचते. गाणी अजय-अतुलचीच. सगळं उचललं, एक गोष्ट सोडली. ज्या कारणासाठी ती दोघं मेली ते कारण.

आमच्या मालिकेत नायिकेची जात काय, फाइलमध्ये रकानाच नाही.

५ ऑगस्ट

जूनच्या कामाचे पैसे सप्टेंबरात. नव्वद दिवसांचा करार असतो.

११ ऑगस्ट, सोमवार

आमची मालिका सुरू झाली. आईनं पेढे आणले. श्रेयनामावलीत माझं नाव फार झरकन जातं, तरी तिला दिसलं. गावाकडून फोन आले.

कुंकू उडालं. बरोबर त्याच सेकंदाला, जिथं तिकडे उडतं.

१४ ऑगस्ट

मंगळागौरीचे भाग. तिकडे या जागी त्यांचं एक व्रत होतं. खेळ खेळणाऱ्या बायकांचा ग्रुप बोलावला, सुरेख खेळल्या. पण एवढ्या बायका एका घरात रात्र जागवतात तेव्हा काय काय बोलतात! सासरचं, पाठदुखीचं, अडकलेल्या पैशांचं. लिहिलं होतं. पान-दीड पान. कापलं. त्याच रात्री सासूला दुधात काही मिसळायचं होतं, वेळ नव्हता.

१९ ऑगस्ट, मंगळवार

धो धो पाऊस. काल रात्रीपासून. हार्बर बंद, मध्य रेल्वे रडतखडत, मग तीही ठप्प. युनिटमधले अर्धे लोक सेटवरच झोपले. मीही. देवघराच्या सेटवर सतरंजी टाकून.

बाहेर रस्ता दिसत नाही. आत लख्ख ऊन, खिडकीतून लाइटचं. आमच्या घरात पाऊस पडत नाही. एवढ्या वर्षांत मी लिहिलेल्या मालिकांत पाऊस आला तो फक्त प्रेमात. छत गळलं म्हणून नाही, लोकल बंद म्हणून नाही.

लाइटदादा रात्री बोलत बसले. केजजवळचे. त्यांचे आई-वडील तोडीला जायचे. हे आजीजवळ. "आजी फोन उलटा धरायची," म्हणाले. "आम्हाला वाटायचं आईचा आवाज लांबून येतोय म्हणून बारीक."

माझ्या वहीत हे नव्हतं. लिहून घेतलं, त्यांना विचारून.

२२ ऑगस्ट

एक भाग मोकळा सापडला. तिकडे देवळाच्या रथोत्सवावर अख्खा भाग आहे, तो आपल्याला चालत नाही आणि गणपतीचा ट्रॅक नंतर आहे. सर म्हणाले, मधे काहीतरी भर. घरातल्या घरात.

स्वयंपाकघरातल्या मावशी. मूळ मालिकेत त्या फक्त चहाचा ट्रे आणतात आणि चोरून ऐकतात. रात्री मी त्यांना एक फोन दिला. मुलगी आणि जावई तोडीवरून आलेत, पुढच्या हंगामाची उचल घेऊ की नको विचारतायत. मावशी मोठ्या घराची कणीक मळतायत. नायिका दारात उभी. मावशी एवढंच म्हणतात, पोरीला माझ्याकडं ठेवा, कुठं झोपवायची ते मी बघते. फोन ठेवतात. मळतच राहतात. नायिका काही विचारत नाही. फुलबाजारातली मुलगी आहे ती, तिला कळतं.

साडेतीन मिनिटं. एका बैठकीत झालं.

२५ ऑगस्ट

शूट झालं. मावशीचं काम करणाऱ्या बाई संगीत नाटकातल्या, सत्तरीच्या पुढच्या. एका टेकमध्ये. दिग्दर्शकांनी झूम मारला नाही, संगीताचे तीन ठोके नको म्हणाले. कॅमेरा लावून सोडून दिला. कट झाल्यावर लाइटदादा बाहेर निघून गेले.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

सुट्टी. मोदक.

२ सप्टेंबर

तो भाग लागला. गौरी गेल्या आज. आई बघताना काही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "ही आपल्याकडची आहे." काकूंनी दार वाजवलं. "हा सीन त्यात नव्हता!" पुढचं माहीत असलेल्या बाईला पहिल्यांदा पुढचं माहीत नव्हतं. चेहरा उजळला होता त्यांचा.

११ सप्टेंबर, गुरुवार

त्या आठवड्याचा आकडा आला. हलला नाही. वर गेला नाही. खालीही आला नाही.

चॅनेलचा निरोप: सीन छान होता, पण प्रत्येक सीनमध्ये नायिकेला काम हवं. पुढच्या सोमवारपासून मूळ ट्रॅकवर या.

मी उलट कळवलं: खाली आला नाही, याची नोंद घ्यावी. उत्तर नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आईला घेऊन 'दशावतार'. हाउसफुल्ल, कडेची सीट मिळाली. कोकणातला म्हातारा दशावतारी कलावंत, बाबुली मेस्त्री. रंगून, थकून, अंधारात जंगलाच्या वाटेनं घरी जाणारा. डोंगर पोखरू बघणारे लोक. कथा-दिग्दर्शन सुबोध खानोलकरांचं. काही ठिकाणी लांबला, काही ठिकाणी मोठ्यानं बोलला. चालेल. तो डोंगर तिथलाच होता, ते दैवत तिथलंच होतं.

प्रभावळकर एक्क्याऐंशीचे. आई त्यांच्याकडे टक लावून होती. "चिमणराव किती पळतायत," म्हणाली.

थिएटर भरलेलं होतं, हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवते. हे आधी कुठेच चाललेलं नव्हतं.

२० सप्टेंबर

'साबर बोंडं' काल लागला. शो मोजकेच. एकटी गेले, आईला लांब पडलं असतं.

वडील गेलेत. मुंबईतला मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात. त्याला लहानपणीचा मित्र भेटतो. दोन पुरुषांचं प्रेम, इतकं हलक्या हातानं दाखवलेलं मी मराठीत पाहिलेलं नाही. आईला सगळं माहीत आहे, ती कधी भाषण करत नाही. दिग्दर्शक रोहन कानवडेंनी वडील गेल्यावर गावी काढलेल्या दिवसांतून हे उगवलं. जानेवारीत सनडान्सला जागतिक कथापट विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं.

पार्श्वसंगीत नाही. शेळ्या, भांडी, सुतकातली कुजबुज. कॅमेरा बसून राहतो.

परत येताना सेटवरून फोन. रविवारचा महाएपिसोड, सासूला विजेचा धक्का. तिकडे होता, इथंही हवा. लोकलमध्ये उभ्यानं लिहिला.

२३ सप्टेंबर

गावाकडे पूर. सिंदफणा घरांत शिरली. शिरूर कासारकडच्या आत्याचा फोन लागत नव्हता, संध्याकाळी लागला. माणसं सुखरूप. म्हैस गेली. कापूस, सोयाबीन पाण्याखाली. सीनाकाठी, धाराशिवला, सोलापुरात तेच.

सेटवर घटस्थापनेचे भाग. नऊ दिवस नऊ रंग. आजचा लाल.

आत्या म्हणाली, आता कोयताच. तिच्या पोरानं तोड सोडून चार वर्षं झाली होती. आता पुन्हा उचल घेणार.

२४ सप्टेंबर

लिहवत नाही. लिहिलं. पाच सीन.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आकडा चांगला. आमची मालिका पहिल्या पाचात. केक कापला. सगळ्यांचं कष्टाचं आहे, मनापासून टाळ्या वाजवल्या. स्पॉटदादा रात्री दोनला निघतात, सहाला हजर.

क्रिएटिव्ह मुलगी कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "ताई, ती आजीची गोष्ट कागदावर द्या मला. 'दशावतार'चे कलेक्शनचे आकडे जोडून पाठवते वर." डोळ्यांत चमक होती.

२८ सप्टेंबर, रविवार

रात्रभर बसून केलं. बारा पानं. पहिल्या दहा भागांची वन लाइन, पात्रं, हंगामाचा आराखडा. पूरही आला त्यात, कारण या वर्षी आजीच्या घरात तो येणारच. लाइटदादांच्या आजीचा उलटा फोन आला, त्यांच्या परवानगीनं. सकाळी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदणी केली. मग मेल लिहिला. कापत कापत एवढाच ठेवला:

'ही गोष्ट कुठल्याही भाषेत झालेली नाही. साडेसातचा स्लॉट मागत नाही. रात्री साडेदहाचा द्या. दीडशे भाग द्या, आणि भागांची संख्या सुरू होण्याआधी ठरवा, म्हणजे गोष्ट ताणावी लागणार नाही. गावात शूट करू द्या, बंगल्याच्या भाड्यात ते बसतं, निर्मात्यांशी हिशेब मांडून पाहिला आहे. मला नाही तर दुसऱ्या कुणाला द्या. नाशिकला, लातूरला, सावंतवाडीला लिहिणारी मुलं आहेत, त्यांच्याकडे त्यांची गावं आहेत. पण वर्षातून एक मालिका अशी करा, जिचा दोनशेवा भाग प्रेक्षकांना आधीपासून माहीत नसेल.'

दोनशेवा खोडून शंभरावा केलं. दीडशेच मागितले आहेत.

पाठवला.